वाचक विचारतात : नाशिकहून आफ्रिकेच्या जंगलात जाताना

दक्षिण आफ्रिका, नामिबिया आणि बोत्स्वाना इथल्या जंगल-सहलींबद्दल नाशिक आणि आसपासच्या वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी काही निवडून त्यांची उत्तरं या अंकात देत आहोत. फिरून फिरून एकच गोष्ट विचारली गेली आहे : हाताशी असलेल्या दिवसांत किती बसवावं? म्हणून सुरुवात तिथूनच.

प्रश्न : टूरवाल्यांनी नऊ रात्रींचा कार्यक्रम दिला आहे. जोहान्सबर्ग १, क्रुगर २, केप टाउन ३, व्हिक्टोरिया धबधबा ३ आणि तिथून एका दिवसात बोत्स्वानातलं चोबे राष्ट्रीय उद्यान. आमची मुख्य हौस प्राणी पाहण्याची आहे. कार्यक्रम कसा वाटतो?
(गंगापूर रोड)

प्राण्यांसाठी जाणार असाल तर हा कार्यक्रम घेऊ नका. क्रुगरच्या दोन रात्री म्हणजे पहिल्या दिवशी दुपारनंतर पोहोचणं आणि तिसऱ्या दिवशी नाश्ता करून निघणं. हातात खऱ्या अर्थाने तीन, फार तर चार फेऱ्या येतात. उरलेले दिवस विमानतळ, बॅगा आणि हॉटेलच्या रांगांत जातात.

क्रुगर राष्ट्रीय उद्यानाचं क्षेत्रफळ सुमारे १९,५०० चौरस किलोमीटर आहे, म्हणजे आपल्या अख्ख्या नाशिक जिल्ह्यापेक्षा मोठं. उत्तर-दक्षिण लांबी साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. एवढ्या जागेत 'सगळं पाहू' म्हणणारा माणूस दिवसभर गाडीत बसतो आणि कमी पाहतो. दक्षिण आणि मध्य भागातले दोन कॅम्प, म्हणजे उद्यानातलीच सरकारी मुक्कामाची ठिकाणं, धरा आणि तिथेच मुरा.

नऊ रात्रींची आम्ही सुचवू ती वाटणी अशी : पहिली रात्र जोहान्सबर्ग किंवा वाटेतल्या म्बोम्बेलाला, मग लोअर साबी ३, सटारा ३, स्कुकुझा किंवा बर्ग-एन-डाल १, शेवटची रात्र पुन्हा जोहान्सबर्ग. रात्रभराच्या विमानप्रवासानंतर लगेच चारशेहून जास्त किलोमीटर गाडी हाकायची नाही, म्हणून पहिली रात्र अशी ठेवली आहे.

लोअर साबी साबी नदीच्या काठी आहे. या नदीला बारमाही पाणी असतं, त्यामुळे कोरड्या महिन्यांत प्राणी आपणहून तिच्याकडे येतात. कॅम्पच्या अगदी जवळ सनसेट डॅम आहे. तिथे पाणघोडे, मगरी, करकोचे, बगळे आणि पाण्यावर येणारे हत्ती गाडीतून न उतरता दिसतात. नदीच्या कडेने स्कुकुझाकडे जाणारा एच ४-१ हा रस्ता बिबट्यासाठी नावाजलेला आहे, आणि त्यामुळेच तिथे गाड्यांची गर्दीही होते. सकाळी कॅम्पचं फाटक उघडताच निघालात तर पहिला तास बराच मोकळा मिळतो.

सटाराचं कारण जमिनीत आहे. क्रुगरच्या पूर्वेकडच्या पट्ट्यात बेसॉल्ट खडक आहे, पश्चिमेकडे ग्रॅनाइट. बेसॉल्टच्या काळ्या मातीत गवत जास्त पौष्टिक येतं. म्हणून झेब्रे, विल्डबीस्ट आणि म्हशी तिथे जमतात, आणि त्यांच्यामागे सिंह. मोकळं मैदान असल्याने चित्ता दिसण्याची शक्यताही दक्षिणेच्या दाट झुडपांपेक्षा इथे बरी. सटाराजवळचा एस १०० हा कच्चा रस्ता पहाटे जरूर करावा.

आता पद्धत. एखाद्या पाणवठ्यावर पोहोचलात आणि काहीच दिसलं नाही तरी इंजिन बंद करून निदान अर्धा तास थांबा. जिराफ पाणी प्यायला वाकण्याआधी बराच वेळ नुसता अंदाज घेत उभा असतो. गाड्या येत-जात राहिल्या तर तो न पिताच परततो. सगळे इंपाला (तिथली हरणं) किंवा दोन-तीन जिराफ एकाच दिशेला टक लावून पाहत असतील तर तुम्हीही तिकडेच पाहा. इंपालाची नाकातून फुरफुरल्यासारखी धोक्याची सूचना, झाडावर चढून ओरडणारी वानरं, एकाच झाडावर उतरलेली गिधाडं यांच्या भरवशावर जेवढं सापडतं तेवढं वेगात फिरून सापडत नाही.

तीनच रात्री देता येत असतील तर स्वतः गाडी चालवण्याऐवजी क्रुगरला लागून असलेल्या साबी सँड किंवा टिंबावाटीसारख्या खासगी अभयारण्यात राहा. मधलं कुंपण काढलेलं असल्याने प्राणी तेच असतात. तिथल्या उघड्या जीपमध्ये पुढे माग काढणारा माणूस बसतो, बिबट्या किंवा सिंह दिसला तर गाडी रस्ता सोडून आत जाऊ शकते आणि अंधार पडल्यावरही फेरी चालते. एका प्राण्याजवळ दोन-तीनच गाड्या थांबवतात. खर्च सरकारी कॅम्पच्या कितीतरी पट येतो, पण कमी दिवसांत जास्त पाहायचं तर पैसे इथेच घाला.

धबधबा सोडवतच नसेल तर केप टाउन सोडा. चोबेसाठी बोत्स्वानातल्या कसाने गावी दोन रात्री राहा. व्हिक्टोरिया फॉल्सहून ते सुमारे ८० किलोमीटर आहे, पण एका दिवसात जाऊन येण्यात सीमेवरच्या रांगा धरून एकच बोटफेरी पदरात पडते. दक्षिण आफ्रिकेबाहेर जाऊन पुन्हा तिथे यायचं असेल तर व्हिसा एकापेक्षा जास्त प्रवेशांचा मागावा लागतो. एकाच प्रवेशाचा व्हिसा घेऊन गेलेल्या माणसाला परतीच्या विमानात बसू देत नाहीत. आणखी एक : लष्करी चट्ट्यापट्ट्याचे कपडे झिंबाब्वे आणि बोत्स्वानात नागरिकांना घालता येत नाहीत. 'जंगलासाठी' म्हणून हौसेने घेतलेली तशी टोपीसुद्धा घरी ठेवा.

प्रश्न : शाळेच्या सुट्टीमुळे मे किंवा दिवाळी एवढेच पर्याय आहेत. कोणता घ्यावा? मुलं ५ आणि ११ वर्षांची आहेत.
(इंदिरानगर)

मे. त्यातही शेवटचा आठवडा, आणि जमल्यास जूनचा पहिला पंधरवडा, म्हणजे आपल्या शाळा उघडण्याआधी. तिथे तेव्हा थंडीची सुरुवात असते आणि पाऊस संपलेला असतो. मेच्या सुरुवातीला गवत उंच असतं, रानातली तळीही भरलेली असतात, त्यामुळे प्राणी विखुरलेले राहतात. पुढे प्रत्येक आठवड्यात गवत बसत जातं. जूनअखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत तिथल्याच शाळांना सुट्टी लागते आणि कॅम्प भरतात, म्हणून त्याआधीचा काळ मोलाचा. दिवस मात्र लहान. मेमध्ये संध्याकाळी साडेपाचला फाटक बंद होतं.

मुलांना सकाळी गारठा सोसावा लागेल. निफाडच्या थंडीला लागतात तसे कपडे घ्या : कानटोपी, हातमोजे, एकावर एक घालता-काढता येतील असे तीन थर. दहा वाजता याच मुलांना अर्ध्या बाह्यांचा शर्ट पुरतो. उघड्या जीपमधून फेरी असेल तर वारा थेट अंगावर येतो, हे लक्षात ठेवून कपडे मोजा.

दिवाळीच्या दिवसांत पारा ३५ ते ४० पर्यंत जातो. पाऊस लांबला असेल तर पाणवठ्यांवर विलक्षण गर्दी असते. पाऊस पडून गेला असेल तर आठवडाभरात चित्र पालटतं. पक्षिप्रेमींसाठी नोव्हेंबर सुंदरच असतो, कारण स्थलांतरित पक्षी आलेले असतात, आणि महिन्याच्या मध्यापासून इंपालाची पाडसं जन्मू लागतात.

तुमच्या बाबतीत खरा प्रश्न धाकट्याच्या वयाचा आहे. क्रुगरच्या कॅम्पमधून निघणाऱ्या सरकारी जीपफेऱ्यांत सहा वर्षांखालच्या मुलांना घेत नाहीत, पायी फेरीला बारा वर्षं पूर्ण लागतात. शिवाय क्रुगर मलेरियाच्या पट्ट्यात आहे आणि पाच वर्षांच्या आतबाहेरच्या मुलांना तो आजार लवकर जड जातो. या खेपेला मलेरिया नसलेली जागा निवडावी असं आमचं स्पष्ट मत आहे. जोहान्सबर्गहून अडीच-तीन तासांवरचं पिलानेसबर्ग हे फार जुन्या, विझलेल्या ज्वालामुखीच्या कड्यांत वसलेलं आहे. मदिक्वे आहे. नाहीतर गेबेर्हाजवळचं (पूर्वीचं पोर्ट एलिझाबेथ) आडो हत्ती उद्यान. हे उद्यान १९३१ साली स्थापन झालं तेव्हा तिथे अवघे अकरा हत्ती उरले होते, आज सहाशेच्या वर आहेत. मुलांना हत्तींचे कळप जवळून दाखवायला याहून सोपी जागा शोधून सापडायची नाही.

मुलांच्या व्हिसासाठी जन्मदाखला इंग्रजीत आणि आई-वडील दोघांची नावं असलेला लागतो. आपल्याकडे अडतं ते इथेच. दाखल्यावर आईचं माहेरचं नाव आणि पासपोर्टवर सासरचं, किंवा वडिलांचं मधलं नाव गळलेलं. अशी तफावत असेल तर महापालिकेतली दुरुस्ती आधी करून घ्या आणि मगच विमानाची तिकिटं काढा. पालकांपैकी एकच सोबत जाणार असेल तर दुसऱ्याचं नोटरी केलेलं संमतिपत्रही लागतं.

प्रश्न : तिथे स्वतः गाडी चालवता येते असं ऐकलं. आमचं महाराष्ट्राचं लायसन्स चालेल का? नवख्याने हे धाडस करावं का?
(सातपूर)

जरूर करावं. तिथे वाहतूक आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालते, स्टिअरिंग उजवीकडे असतं. आपलं स्मार्टकार्ड लायसन्स इंग्रजीत आणि फोटोसहित असल्याने चालतं, पण सोबत आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून ठेवा. तो एक वर्ष चालतो. पोलीस आणि गाडी भाड्याने देणारे दोघेही तो पाहिल्यावर पुढचं विचारत नाहीत. मूळ लायसन्स मात्र बरोबर हवंच. गाडी घेताना क्रेडिट कार्ड गाडी चालवणाऱ्याच्या स्वतःच्या नावावर असायला हवं, कारण अनामत रक्कम त्यावर रोखून धरतात. नवऱ्याचं कार्ड आणि बायकोच्या नावावर गाडी, अशा जोडीला काउंटरवरून परत पाठवतात. विमा घेताना टायर आणि पुढची काच त्यात धरली आहे का ते विचारा, कारण कच्च्या रस्त्यावर खडी उडून नुकसान होतं ते यांचंच. बसायला उंच अशी लहान एसयूव्ही घ्या. सेडानसुद्धा चालते, पण उंच गवतात एक वीत उंचीनेही फरक पडतो.

शहरातला एकच नियम नवा आहे. चारही बाजूंना 'थांबा' लिहिलेल्या चौकात जो आधी येऊन पूर्ण थांबला तो आधी निघतो. नुसता वेग कमी करून पुढे सरकलात तर दंड होतो आणि धडकही बसू शकते. मुक्कामाच्या ठिकाणी पोहोचायला अंधार होणार नाही असंच निघा.

उद्यानात डांबरी रस्त्यावर ताशी ५० आणि कच्च्यावर ४० किलोमीटर ही मर्यादा आहे, आणि वेग मोजणारी यंत्रं घेऊन लोक खरोखर उभे असतात. हिशेब करताना हे आकडे मात्र धरू नका. थांबत-पाहत जायचं म्हणजे सरासरी ताशी २५ किलोमीटर पडते. लोअर साबी ते सटारा सुमारे ९० किलोमीटर, म्हणजे चार तास, आणि वाटेत सिंह दिसला तर पाच. फाटक बंद होण्याच्या वेळा महिन्यागणिक बदलतात. उशीर झाला तर दंड आहेच, पण खरं संकट वेगळं असतं. शेवटच्या तासात घाईने हाकलेली गाडी आणि वळणावर उभा असलेला हत्ती यांची गाठ पडते. संध्याकाळी कॅम्पपासून वीस किलोमीटरच्या आत राहा.

नेमलेल्या जागांखेरीज गाडीतून उतरायचं नाही. खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर येणं किंवा छताच्या झडपेतून उभं राहणं हेही त्यात आलं. सिंहाला गाडी हा एकच आकार वाटतो. त्यातून माणूस वेगळा दिसू लागला की त्याचं वागणं बदलतं.

कॅम्पच्या खोल्या साधारण अकरा महिने आधी नोंदवायला खुल्या होतात आणि नदीकाठच्या लगेच जातात. तारीख निघून गेली असली तरी रोज एकदा संकेतस्थळ बघत राहा, रद्द झालेल्या खोल्या परत दिसू लागतात. परदेशी पाहुण्यांना माणशी दररोज संवर्धन शुल्क द्यावं लागतं. ते दरवर्षी १ नोव्हेंबरला बदलतं. मुक्काम पाच दिवसांच्या वर असेल तर वर्षभराचा प्रवेशपास, म्हणजे वाइल्ड कार्ड, स्वस्त पडतं का, याचा हिशेब मांडून पाहा.

प्रश्न : मी ६४ आणि सौ. ६१ वर्षांच्या. पिवळ्या तापाची लस घ्यायलाच हवी का? मलेरियाच्या गोळ्यांनी त्रास होतो म्हणतात.
(देवळाली कॅम्प)

हे दोन वेगळे विषय आहेत, आणि तुमच्या वयात त्यांची सरमिसळ झालेली चालणार नाही.

पिवळा ताप दक्षिण आफ्रिका, नामिबिया आणि बोत्स्वानाच्या जंगलांत नाही. लसीचा प्रश्न येतो तो विमानाच्या मार्गामुळे. अदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे जाणारी तिकिटं बऱ्याचदा स्वस्त असतात, पण इथिओपिया आणि केनिया हे पिवळ्या तापाचे देश. अशा देशाच्या विमानतळावर बारा तासांहून जास्त काढले तर दक्षिण आफ्रिका लसीचा दाखला मागते. तशा देशातून सहा दिवसांच्या आत भारतात उतरणाऱ्याकडे दाखला नसेल तर आपल्याकडे सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवण्याची तरतूद आहे. साठीनंतर ही लस पहिल्यांदा घेणाऱ्यांत गंभीर दुष्परिणाम तरुणांपेक्षा जास्त आढळतात. प्रमाण फार थोडं आहे, पण गरज नसताना तो धोका घ्यायचा कशाला? तुम्ही दोघं दुबई किंवा दोहामार्गे तिकीट काढा, म्हणजे हा विषयच उरत नाही. कार्यक्रमात केनियाही असेल तर डॉक्टरांशी बोलून, सरकारमान्य केंद्रातच लस घ्या. दाखला लस घेतल्यानंतर दहाव्या दिवसापासून लागू होतो आणि आता तो आयुष्यभर चालतो.

मलेरियाचं तसं नाही. क्रुगरमध्ये तो आहे. सप्टेंबर ते मे जास्त, थंडीत कमी, पण शून्य नाही. तिथला परजीवी मुख्यतः फाल्सिपेरम जातीचा, म्हणजे मेंदू आणि मूत्रपिंडापर्यंत जाणारा. क्लोरोक्विन त्यावर चालत नाही, म्हणून घरातल्या जुन्या गोळ्यांवर विसंबू नका. डॉक्टर बहुधा दोनांतून एक देतील. डॉक्सिसायक्लिन जाण्याआधी एक-दोन दिवस सुरू करून परतल्यावर चार आठवडे रोज घ्यायची असते. ती भरपूर पाण्याबरोबर आणि बसूनच घ्या, गिळून लगेच आडवं झाल्यास अन्ननलिकेत जळजळ होते. या गोळीने त्वचा उन्हाला हळवी होते, म्हणून टोपी आणि पूर्ण बाह्या. दुसरी अटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल. हीसुद्धा एक-दोन दिवस आधी सुरू होते, पण परतल्यावर सातच दिवस घ्यावी लागते. ती जेवणाबरोबर, रोज ठरलेल्या वेळी घ्यावी, पोटात स्निग्ध पदार्थ असेल तरच ती नीट शोषली जाते. महाग आहे, तरी ज्येष्ठांना सहसा सोसते. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर ही चालेलच असं नाही. दोघांच्या रक्तदाबाच्या, साखरेच्या आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची यादी डॉक्टरांपुढे ठेवा. प्रवासाच्या तीन-चार आठवडे आधी भेट घेतलीत तर गोळी बदलायला वेळ राहतो.

गोळ्या घेतल्या म्हणून डास चावू द्यायचे नाहीत. सूर्यास्ताच्या आधीच लांब बाह्या आणि मोजे घाला, उघड्या कातडीवर डीईईटी असलेलं मलम लावा.

सर्वांत जास्त चुकतं ते परतल्यावर. जूनमध्ये नाशिकला पाऊस सुरू झालेला असतो, ताप आला की 'व्हायरल असेल, दोन दिवस बघू' असं म्हटलं जातं. या आजारात ते दोन दिवस परवडत नाहीत. परतल्यावर तीन महिन्यांत ताप आला तर त्याच दिवशी मलेरियाची रक्ततपासणी करा आणि डॉक्टरांना पहिलं वाक्य 'आम्ही आफ्रिकेच्या जंगलात जाऊन आलो' हेच सांगा. पहिली तपासणी नकारार्थी आली आणि ताप राहिला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा करा.

प्रश्न : आम्ही पूर्ण शाकाहारी, चातुर्मासात कांदा-लसूणही नाही. जेवणाचं काय?
(पंचवटी)

क्रुगरच्या कॅम्पमध्ये तुमची जेवढी सोय होईल तेवढी मोठ्या लॉजवरही होणार नाही, कारण इथे स्वयंपाक तुमच्या हातात असतो. खोली नोंदवताना स्वयंपाकघर आणि भांडी असलेली निवडा. स्वस्त झोपड्यांत फक्त फ्रिज असतो, शेगड्या सामाईक असतात आणि भांडी नसतात. तांदूळ, डाळी, भाज्या, दूध, दही आत जाण्याआधी म्बोम्बेला किंवा मलेलानच्या मोठ्या दुकानांतून भरा. कॅम्पमधल्या दुकानांत ब्रेड, अंडी, लाकूड आणि गोठवलेलं मांस भरपूर असतं, ताजी भाजी बेताची. मसाल्यांसाठी जोहान्सबर्गमधला फोर्ड्सबर्ग हा भाग आहे, तिथे आपल्याकडचं जवळपास सगळं मिळतं.

घरून न्यायचं ते कोरडं, भाजलेलं, कंपनीच्या बंद पाकिटातलं : खाकरा, चिवडा, भाजणी, उपमा-पोह्यांची तयार पाकिटं. ताजी फळं, भाज्या, मध, बियाणं, दुधाचे पदार्थ नेऊ नका. विमानतळावर ते काढून घेतात. घरचं तूप आणि पेढे हे त्यातच येतात.

हॉटेलात जेवायचं झालं तर मक्याच्या पिठाचा पॅप आणि त्यावर चकालाका नावाची तिखट भाजी मागवा. भाकरी-पिठल्याची सवय असलेल्यांना ती आवडते. चकालाकात कांदा असतोच. बीन्स मात्र कधी मांसाच्या रश्शात शिजवतात, तेव्हा विचारून घ्या.

माकडांबद्दल जपा. तिथली वानरं आणि बबून सप्तशृंगीच्या माकडांइतकीच धीट आहेत, आणि बबूनचे सुळे लांब असतात. व्हरांड्यातल्या फ्रिजला कडी असते, ती प्रत्येक वेळी लावा. त्यांना खायला घालणं गुन्हा आहे. माणसाच्या अन्नाला चटावलेलं माकड हल्ले करू लागतं आणि शेवटी त्यालाच गोळी घालावी लागते. कुंपणाबाहेर घुटमळणाऱ्या तरसालाही हाड टाकू नका, कारण तेच.

प्रश्न : नांदूर मध्यमेश्वरला पक्षी पाहायला जातो. दुर्बीण जुनी आहे. आफ्रिकेसाठी कोणती घ्यावी? कॅमेऱ्याला किती मोठी लेन्स लागेल?
(निफाड)

८ बाय ४२ ची दुर्बीण घ्या. पहिला आकडा किती पट मोठं दिसेल त्याचा, दुसरा पुढच्या भिंगाच्या व्यासाचा, मिलिमीटरमध्ये. ४२ ला ८ ने भागलं की सव्वापाच येतात. तेवढ्या मिलिमीटरचा प्रकाशझोत डोळ्यात शिरतो, म्हणून पहाटे आणि सांजेला, म्हणजे प्राणी हिंडतात नेमक्या त्या वेळी, चित्र उजळ राहतं. १० बाय ४२ मध्ये हा आकडा ४.२ होतो आणि हाताची थरथर जास्त जाणवते. चष्मा असेल तर डोळ्यापासूनचं अंतर निदान १५ मिलिमीटर चालेल अशीच घ्या, नाहीतर कडा काळ्या दिसतात. प्रत्येकाला स्वतंत्र दुर्बीण हवी. एकाच दुर्बिणीवर चौघं असली की तिसऱ्याच्या हातात येईपर्यंत बिबट्या गेलेला असतो.

तुमची तालीम नांदूर मध्यमेश्वरलाच करा. महाराष्ट्रातलं हे पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा), २०२० साली जाहीर झालेलं, तुमच्या दाराशी आहे. आधी उजवा डोळा मिटून मधल्या चाकाने डावीकडचं चित्र स्पष्ट करा. मग डावा मिटून उजव्या भिंगाजवळच्या कड्याने उजवीकडचं. ही जुळणी एकदाच करायची, नंतर फक्त मधलं चाक फिरवायचं. नजर पक्ष्यावरून न हलवता दुर्बीण डोळ्यांपाशी आणायची सवय तिथेच लावा.

लेन्स १००-४०० किंवा १५०-६०० ची पुरे. तिपाई गाडीत निरुपयोगी ठरते. खिडकीवर ठेवायची कापडी पिशवी रिकामी न्या आणि तिथे दीड-दोन किलो तांदूळ विकत घेऊन भरा. भरलेली नेली तर सामानात वजन आणि विमानतळावर चौकशी. फोटो काढताना इंजिन बंद, नाहीतर कंपनाने चित्र हलतं. धावत्या प्राण्यासाठी सेकंदाचा हजारावा भाग किंवा त्याहून वेगवान शटर ठेवा. सकाळी दहानंतर तापलेल्या जमिनीवरची हवा लहरते, मग दूरचा फोटो कुठल्याही लेन्सने स्वच्छ येत नाही. तेव्हा नुसतं पाहावं.

पॉवर बँक आणि सुट्या बॅटऱ्या हातातल्या बॅगेतच. मर्यादा १०० वॅट-अवरची. २०,००० एमएएचची पॉवर बँक ७४ मध्ये बसते.

प्रश्न : हत्ती गाडीवर धावून आला तर?
(सिडको)

क्रुगरमध्ये २० हजारांहून जास्त हत्ती आहेत, त्यामुळे रोज भेट होईल असं धरून चला. धावून येण्याची वेळ बहुधा माणूस आणतो : वाट अडवून, कळपाच्या मध्ये गाडी घालून, किंवा हॉर्न आणि लाइटने त्याला 'बाजूला हो' म्हणून. घाटात ट्रकला देतो तसा हॉर्न इथे देऊ नका.

अंतर निदान ५० मीटर ठेवा. मस्तीत, म्हणजे माजावर आलेला नर दिसला तर १०० मीटरही कमीच समजा. मस्तीची खूण म्हणजे डोळा आणि कानाच्या मधून गालावर ओघळणारा काळपट स्राव, आणि मागच्या पायांवर सतत ठिबकणारं मूत्र. उग्र वास आधी येतो. असा नर रस्त्याने तुमच्या दिशेने चालत असेल तर तो कडेला होणार नाही, तुम्हालाच मागे जावं लागेल. म्हणून हत्तीजवळ थांबताना गाडी अशी लावा की मागची वाट मोकळी राहील. तुमच्या मागे दोन-तीन गाड्या येऊन थांबल्या की सुटकेचा मार्ग बंद होतो. असं होताना दिसलं की आधीच निघा. गाडी मागे सरळ नेण्याचा सराव इथेच, मोकळ्या मैदानावर करून जा.

कान फैलावून, डोकं वर करून, मोठ्याने ओरडत येणारा हत्ती बहुतेक वेळा घाबरवत असतो. काही पावलांवर थांबतो. डोकं खाली, सोंड आत वळवलेली, कान मागे आणि आवाज नाही, अशा हत्तीची धाव खरी. दोन्ही वेळा करायचं एकच : धक्के न देता मागे जात राहणं. सोंडेचं टोक एकाच जागी फिरवत राहणं, पाय हवेत झुलवणं, डोकं झटकणं ही त्याआधीची अस्वस्थता ओळखता आली तर गोष्ट धावण्यापर्यंत जातच नाही.

माद्या-पिल्लांचा कळप रस्ता ओलांडत असेल तर शेवटचा हत्ती गेला असं वाटल्यावरही दोन मिनिटं थांबा. मागे राहिलेलं पिल्लू नेहमी उशिरा येतं, आणि आई त्याच्यासाठी परत फिरते.

प्रश्न : क्रुगरच्या फोटोंत बिनशिंगाचे गेंडे दिसतात. तो आजार आहे का?
(सिन्नर)

नाही, शिंग मुद्दाम कापलेलं असतं. चोरटी शिकार थांबावी म्हणून गेंड्याला गुंगी देऊन, मुळाचा जिवंत भाग सोडून वरचं शिंग कापतात. ते आपल्या नखांसारखंच केराटिनचं असल्याने वेदना होत नाही आणि पुन्हा वाढतं, म्हणून दीड-दोन वर्षांनी परत कापावं लागतं. गेंडा दिसला तर फोटो जागेच्या माहितीसह कुठेही टाकू नका, मोबाइलमधली स्थानाची नोंद बंद करा. कॅम्पमधल्या फलकावर कुठे सिंह, कुठे बिबट्या दिसला ते लावतात, गेंड्याची जागा लावत नाहीत, ती याच कारणाने.

प्रश्न : ड्रोन नेला तर चालेल का?
(नाशिकरोड)

नाही. दक्षिण आफ्रिकेच्या सर्व राष्ट्रीय उद्यानांत बंदी आहे आणि ड्रोन जप्त होतो.

प्रश्न : क्रुगर झालं. दुसऱ्या खेपेला नामिबियातलं इटोशा कसं?
(कॉलेज रोड)

उत्तम, आणि क्रुगरहून अगदी वेगळं. मधोमध सुमारे ४,८०० चौरस किलोमीटरचं पांढरं क्षारपटल आहे, आणि कोरड्या दिवसांत पाणी मुख्यतः त्याच्या कडेच्या पाणवठ्यांवर. त्यामुळे शोधत हिंडावं लागत नाही, जुलै ते ऑक्टोबर या काळात एका पाणवठ्यावर बसून राहिलं की झेब्रे, स्प्रिंगबॉक, ओरिक्स, हत्ती पाळीपाळीने येतात. ओकाउकुएयो, हलाली आणि नामुटोनी या तिन्ही कॅम्पना आतूनच पाहता येतील असे, रात्री दिवे लावलेले पाणवठे आहेत. ओकाउकुएयोला जेवण उरकून रात्री आठ ते अकरा बाकावर स्वस्थ बसा. काळा गेंडा पाहण्यासाठी इतकी भरवशाची जागा क्वचितच सापडते. शाल आणि गरम पाण्याची बाटली जवळ ठेवा, आणि बोलू नका.

अवघड भाग रस्त्यांचा आहे. विंडहोक ते ओकाउकुएयो हे सुमारे ४३५ किलोमीटर डांबरी आहेत, पण उद्यानात आणि वाळवंटाकडे गेलात तर सगळी खडी. तिथले अपघात समोरच्या गाडीमुळे कमी, एकट्या गाडीच्या घसरण्याने जास्त होतात. वळणावर जोरात ब्रेक दाबला की चाकांची पकड सुटते आणि उंच गाडी उलटते. ताशी ८० च्या वर जाऊ नका, ब्रेक वळणाच्या आधी सरळ रस्त्यावर लावा, गाडी घसरलीच तर स्टिअरिंग झटकू नका, नुसता पाय अॅक्सिलरेटरवरून उचला. खडीसाठी टायरमधली हवा थोडी कमी करतात. किती, ते गाडी घेताना लिहून घ्या, आणि डांबरी रस्त्यावर येताच पुन्हा भरा, कमी हवेचं टायर वेगात तापून फुटतं. जादा टायर दोन मागा. जॅक कुठे आहे, चाकाचे नट सुटतात का, हे गाडी ताब्यात घेतानाच, त्यांच्या अंगणात, एकदा करून पाहा. अंधारात गाडी चालवायची नाही, रस्त्यावर अचानक येणाऱ्या कुडू या मोठ्या हरणाचं वजन दोनशे किलोंच्या वर असू शकतं.

बोत्स्वानातल्या ओकावांगो नदीच्या त्रिभुज प्रदेशात छोट्या विमानाने जाणार असाल तर कडक सुटकेस चालत नाही. मऊ बॅग, हातातल्या सामानासह साधारण १५ ते २० किलो. तिथे पूर जून ते ऑगस्टमध्ये सर्वांत जास्त असतो, ऐन कोरड्या दिवसांत, कारण अंगोलाच्या डोंगरांत पडलेला पाऊस सपाटीवरून तिथवर पोहोचायला महिने घेतो.

प्रश्न : चार्जिंगसाठी वेगळा प्लग लागतो का?
(मेरी, म्हसरूळ)

आपल्या गिझरला असतो तसा जाड, गोल, तीन पिनांचा प्लग दक्षिण आफ्रिकेच्या जुन्या सॉकेटमध्ये बसतो. बारीक तीन पिनांचा बसत नाही. नाशिकमधून जाड पिनेचा एक बदली प्लग आणि चार खाचांचा एक एक्स्टेन्शन बोर्ड न्या. कॅमेरा, मोबाइल, पॉवर बँक सगळं एका सॉकेटवर रात्रीतून भरून निघतं. विजेचा दाब आपल्याइतकाच, २३० व्होल्ट. नव्या इमारतींत कधी षट्‌कोनी सॉकेट असतं, त्यात दोन गोल पिनांचा साधा प्लग जातो.